फ्यूज नेमका कुणासाठी असतो?

बसा बसा, मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. पत्रिकेत विषय छापलाय तो असा, की घरातल्या कुठल्या वायरला किती अँपिअरचा फ्यूज लावायचा, आणि ते मी सांगणारच आहे. पण आधी मला सांगा, फ्यूज असतो कशासाठी? टीव्ही जळू नये म्हणून... बरं. फ्रीजसाठी, ठीक. शॉक लागू नये म्हणून, हो काकू, ऐकलं. अजून कोणी? बघा, एवढा भरलेला हॉल आहे आणि वायरचं नाव एकानेही घेतलं नाही! मी जिथे जिथे बोलायला जातो तिथे हेच होतं आणि मला दर वेळी तितकंच वाईट वाटतं, कारण फ्यूज लावलेला असतो तो भिंतीतल्या वायरसाठी.

टीव्हीचं म्हणाल तर फ्यूज उडेपर्यंत करंट वाढला म्हणजे टीव्हीच्या आत आधीच काहीतरी गेलेलं असतं, तो वाचवायला फ्यूजला उशीर झालेला असतो. माणसाचं म्हणाल तर तीस मिलीअँपिअरच्या पुढे जीवाला धोका सुरू होतो आणि घरातला सगळ्यात लहान फ्यूज पाच अँपिअरचा, म्हणजे दीडशे पटीहून जास्त, त्याला तुमच्या शॉकचा पत्ताही लागत नाही. त्याच्यासाठी आरसीसीबी असतो, म्हणजे करंट बाहेर गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच, ज्यांच्याकडे नाही त्यांनी बसवून घ्या, खर्चाकडे बघू नका.

आता ही गोष्ट ऐका, जरा लांब आहे पण ऐकाच. ओळखीतल्या एक वहिनी आहेत, त्यांच्या किचनच्या लाईनीला भिंतीत दीड स्क्वेअर एमएमची, म्हणजे तेवढ्या जाडीची कॉपर वायर आणि बोर्डात १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच, फ्यूजचंच काम करणारा. पूर्वी त्या लाईनीवर मिक्सर आणि फ्रीज एवढंच असायचं, ते व्यवस्थित चाललं. मग घरात इंडक्शन आलं २००० वॅटचं, मायक्रोवेव्ह आला, तो आतून तेराशेएक वॅट ओढतो, आणि चहासाठी किटली १५०० वॅटची. सकाळी डब्यांच्या गडबडीत तिन्ही एकदम चालू. ४८०० भागिले २३०, साधारण २१ अँपिअर. एमसीबी थोड्या वेळाने पडायचा, वहिनी वर करायच्या, परत पडायचा, रोज सकाळी हीच कटकट, आणि मुलांची बस तर थांबत नाही. मग त्यांनी एका वायरमनला बोलावलं, तो आला, बघितलं, म्हणाला एमसीबी वीक झालाय, आणि १६ चा काढून ३२ चा टाकून गेला. पाच मिनिटांचं काम! त्या दिवसापासून एमसीबी एकदाही पडला नाही आणि वहिनी सगळ्या बिल्डिंगला त्या माणसाचं नाव सुचवायला लागल्या.

मंडळी, एमसीबी वीक नव्हता हो. तो आपलं काम चोख करत होता आणि त्या कामासाठीच त्याला काढून टाकलं, माझा सगळा राग त्यावर आहे. वायर तापते ती करंटच्या वर्गाने तापते, करंट दुप्पट तर उष्णता चौपट. पाइपातून नेलेली दीड स्क्वेअरची वायर पंधरा-सोळा अँपिअरपर्यंत निवांत चालते, तेव्हा आतलं तांबं ७० अंशापर्यंत जातं आणि साधं पीव्हीसी तेवढ्यालाच बनवलेलं असतं. २१ अँपिअरला उष्णता झाली पावणेदोन पट, म्हणजे तांबं शंभर अंशाच्या घरात गेलं. आणि ३२ चा एमसीबी काय करतो? स्टँडर्डच असं आहे की रेटिंगच्या १.१३ पट करंटला तो तासभर तरी पडता कामा नये. ३२ चा हिशोब केला तर ३६ अँपिअर. ३६ अँपिअरला त्या वायरमध्ये पाचपट उष्णता आणि एमसीबी तासभर गप्प, तेही नियमाप्रमाणे.

पुढे काही महिन्यांनी किचनमध्ये वास यायला लागला. जळक्या प्लॅस्टिकचा पण जरासा मासळीसारखा, स्विचबोर्डचा प्लॅस्टिक तापला की असा येतो. घर पक्कं शाकाहारी, त्यामुळे पहिला संशय शेजारच्यांवर गेला, हसू नका, खरंच गेला, जिन्यात बोलाचालीही झाली. मग मला बोलावलं. मी मेन बंद करून बोर्ड खोलला तर लाल वायर चॉकलेटी झालेली, वाकवली तर इन्सुलेशन कडक होऊन तडकलं आणि तुकडे हातात आले, आतलं तांबं काळं. फेजच्या त्या उघड्या तांब्यापासून न्यूट्रल अर्ध्या बोटावर होती. आणि तो ३२ चा एमसीबी अगदी नवाकोरा, त्याला काहीसुद्धा झालं नव्हतं. वायरिंगमध्ये जळायचा मान ज्याचा आहे तो सोडून सगळं जळालं होतं.

कुकरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो ना, आत धातूची गोळी, शिटी अडली आणि तापमान फार वाढलं की ती वितळते आणि कुकर वाचतो. फ्यूजही तसाच, आणि व्हॉल्व्ह सारखा उडतो म्हणून त्या जागी नट-बोल्ट कोणी ठोकत नाही. पण फ्यूजमध्ये आपण सर्रास ठोकतो! जुन्या चिनी मातीच्या किटकॅटमध्ये, म्हणजे ज्यात फ्यूजची तार हाताने बांधायची त्या खाचेत, लोक फ्लेक्सच्या, म्हणजे लवचिक वायरीचे धागे पिळून घालतात. आता पाऊण स्क्वेअरच्या फ्लेक्समध्ये २४ धागे असतात, एकेक ०.२ मिलिमीटरचा, आणि पाच अँपिअरची फ्यूज वायरही बरोबर ०.२ चीच असते. म्हणजे एक धागा घातला तर एक वेळ चालून जाईल, पण पाच-सहा पिळून घातले की तो फ्यूज राहिला नाही, सरळ वायरचाच तुकडा झाला.

त्या ०.२ च्या तारेत गंमत काय आहे बघा, हे मला फार आवडतं. दीड स्क्वेअरच्या वायरपेक्षा तिचं क्षेत्रफळ जवळजवळ ४८ पट कमी. करंट दोघींतून तोच जातो, एकामागे एक आहेत ना. शॉर्ट झाल्यावर उष्णतेला बाहेर पडायला वेळच नसतो, तेव्हा तापायचा वेग ४८ च्या वर्गाने, दोन हजार पटीहून जास्त. समजा ३०० अँपिअरचा शॉर्ट झाला, तर ती तार सेकंदाच्या एक-दोन हजारांश भागात वितळते, आणि तेवढ्याच करंटला आपल्या वायरला ७० वरून १६० अंशाला, म्हणजे पीव्हीसीच्या शेवटच्या मर्यादेला पोचायला एक तृतीयांश सेकंद लागतो. केवढा फरक आहे! म्हणून पेपरात दर आगीला 'शॉर्टसर्किटमुळे' छापतात ते मला पटत नाही, फ्यूज बरोबर असेल तर शॉर्ट तिथल्या तिथे तुटतो. वायर महिनोन् महिने शिजते ती ओव्हरलोडने, नाहीतर ढिल्या स्क्रूपाशी. आणि ढिला स्क्रू फ्यूजला दिसत नाही, कारण तिथे करंट वाढलेलाच नसतो, स्क्रू वर्षातून एकदा कसून घ्यायलाच लागतात.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं म्हणतायत. बरं, मग मूळ विषय भरभर घेतो.

नियम एकच. लोडचा करंट फ्यूजपेक्षा कमी आणि फ्यूज वायरच्या ताकदीपेक्षा कमी, याच क्रमाने. लोड वाढला तर आधी वायर बदलायची, मग फ्यूज. लाईट-पंख्यांना एक किंवा दीड स्क्वेअर आणि ६ किंवा १० चा एमसीबी. गीझर, ओव्हन, १६ अँपिअरचा सॉकेट याला अडीच स्क्वेअर आणि १६ चा. एसीला चार स्क्वेअर आणि २० चा. वहिनींकडे तेच केलं, अडीचच्या दोन वेगळ्या लाईनी ओढल्या, इंडक्शन एकीवर, बाकीचं दुसरीवर, दोन्हींना १६ चे, आता तिन्ही एकदम चालतात.

किटकॅट असेल तर अजून कमी रेटिंग धरा, कारण साधी फ्यूज वायर उडायला रेटिंगच्या दुप्पट करंट लागतो, एमसीबीला १.४५ पट तासाभरात पुरतो. म्हणून किटकॅटच्या मागे वायर जरा जाड हवी, किंवा किटकॅट काढूनच टाका. फ्यूज फक्त फेजमध्ये, न्यूट्रलमध्ये अजिबात नाही, नाहीतर न्यूट्रलचा उडाला की दिवा बंद आणि वायर मात्र जिवंत.

आणि एक्स्टेंशन बोर्ड! १६ च्या सॉकेटमधून पाऊण स्क्वेअरची फ्लेक्स, तिची ताकद सहा अँपिअर, आणि राखणीला मागे १६ चा. ब्रिटनमध्ये १९४७ पासून प्लगच्या आतच फ्यूज असतो, तीनचा नाहीतर तेराचा, तो त्या फ्लेक्ससाठी, कारण भिंतीतली रिंग, म्हणजे सगळ्या सॉकेटना जोडणारी गोल फिरून आलेली लाईन, ३२ वर असते. आपल्या गोल पिनांच्या प्लगमध्ये तो नाही. ज्यांची मुलं लंडनहून टेबल लॅम्प, किटल्या पाठवतात आणि तुम्ही प्लग कापून आपला लावता, त्यांनी लक्षात ठेवा, त्या प्लगबरोबर वायरचा राखणदारही कचऱ्यात गेला. एक्स्टेंशनवर हीटर, इस्त्री, इंडक्शन लावू नका, आणि गुंडाळी सोडूनच वापरा.

ॲल्युमिनियमच्या जुन्या वायरीचं राहिलं, ती त्याच जाडीला कमी करंट घेते आणि तिचे जोड लवकर ढिले होतात, पण ते प्रश्नांमध्ये घेऊ. पहिला प्रश्न मागच्या काकांचा, त्यांचा हात मघापासून वर आहे.