त्यात काय आहे, ते सांग

नमस्कार मंडळी. ठाणेकर, नवी मुंबईकर आणि केवळ जेवणासाठी आलेले इतर जिल्ह्यांतले पाहुणे, सगळ्यांचं, ठाण्यापासून इतक्या लांब, आपल्या मराठी मंडळात स्वागत.

समितीने मला सांगितलं, पुस्तकं, कॉमिक्स, चित्रं, सिनेमा, गाणी, जे काही आवडतं त्याबद्दल मनमोकळं बोला. मी खूश झालो. या विषयावरचं माझं भाषण बारा महिने तयार असतं. घरी पाहुणे आले की चहाबरोबर ते मिळतंच. बायको तेवढ्या वेळात ओटा आवरून घेते. पण या वेळी ठाण्याला जाऊन आलो आणि ते तयार भाषण बिघडलं. बिघडवलं माझ्या मुलीने.

नौपाड्यातली आमची इमारत रिडेव्हलपमेंटला चालली आहे. तुमच्यातल्या निम्म्यांच्या इमारती पाडून झाल्या असतील आणि उरलेल्यांच्या सोसायटीत मीटिंगा चालू असतील, तेव्हा ते रामायण सांगत बसत नाही. घर रिकामं करायचं म्हणजे माळा रिकामा करायचा, आणि माळ्यावर माझी पत्र्याची ट्रंक. इंद्रजाल कॉमिक्स, चांदोबा, किशोर, पुठ्ठा सुटलेले दिवाळी अंक, तळाशी कॅसेटी. दादा म्हणाला, "रविवारी रद्दीवाला येतोय." मी म्हटलं, "त्या ट्रंकेला हात लावायचा नाही." त्यावर दादा म्हणाला, "आठवणी तू तिकडे बसून काढतोस. झुरळं इथे आम्ही मारतो." वहिनी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी झाडू आणून माझ्या हातात दिला.

मग मी ट्रंक खाली उतरवली आणि मुलीला हाक मारली. ती 14 वर्षांची आहे, स्वतः चित्रं काढते, कॉमिक्सवर जीव टाकते. म्हटलं, हिला नाही तर कोणाला दाखवायचं? एकेक अंक तिच्या हातात देत गेलो आणि सांगत गेलो. हा वेताळचा, म्हणजे फँटमचा, सर्क्युलेटिंग लायब्ररीतून आणायचो, दिवसाला पंचवीस पैसे, उशीर झाला की गल्ल्यावरचे काका पुढचा अंक दाबून ठेवायचे. हा मे महिन्यात एस्टीत वाचला, म्हणून त्याच्यावर कैरीच्या लोणच्याचं बोट. ह्याच्यासाठी तुझ्या काकाने माझा कान पिरगळला होता. ही कॅसेट टीडीकेची, हिच्यावर आत्याच्या लग्नातली मंगलाष्टकं होती, ती पुसून मी गाणी भरली आणि मार खाल्ला. ती ऐकत होती, पानं उलटत होती. मग म्हणाली,

"बाबा, तू प्रत्येक वेळी सांगतोस, हे कुठे वाचलंस, कितीला आणलंस आणि त्याच्यावरून कोणाशी भांडलास. त्यात काय आहे, ते सांगतच नाहीस."

दादाला इतका आनंद झालेला मी त्याच्या मुलाचा दहावीचा निकाल लागला तेव्हाही पाहिला नव्हता.

आता मी काही गप्प बसणारा माणूस नाही. मी तिला तिथल्या तिथे उत्तर दिलं आणि अजूनही मला वाटतं, की ते अर्धं तरी बरोबर आहे. आमच्याकडे महिन्याला एक अंक यायचा. तोच पहिल्यापासून, मग मधूनच, मग जाहिरातींसकट वाचायचा. वस्तू कमी असणं हीच आमची वाचायची रीत होती, तेव्हा ती कितीला आणली हे सांगितल्याशिवाय ती कशी वाचली हे कळणार कसं? तिने मान हलवली. पण तिचं म्हणणं खोडलं गेलं नाही, हे मला कळत होतं. कारण वेताळच्या त्या अंकात नेमकं काय होतं, हे मलाही पान उघडल्याशिवाय सांगता येईना. कवटीची अंगठी, डेंकालीचं जंगल, पुढे सगळं लोणचं.

तेवढ्यात तिनेच विचारलं, "आणि हा दुसरा वेताळ कोण?" तिच्या हातात चांदोबा होता. राजाच्या खांद्यावर प्रेत, हातात तलवार. ते चित्र तुम्हाला मी वर्णन करून सांगायला नको. ते काढलं शंकर यांनी, पूर्ण नाव के. सी. शिवशंकरन, 2020 साली गेले. चांदोबा 1947 साली मद्रासला तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झाला आणि नंतर मराठीत आला. मला मात्र लहानपणी खात्री होती, की तो जांभळी नाक्यावरच कुठेतरी छापतात.

मी सवयीने चांदोबा आणणाऱ्या पोस्टमनची गोष्ट सुरू करणार होतो, पण समोर न्यायाधीश बसली होती. म्हणून आतलं सांगितलं. राजाने झाडावरचं प्रेत, ज्यात वेताळ शिरलाय, घेऊन जायचं, वाटेत तोंड उघडायचं नाही. वेताळ वाट सरावी म्हणून गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर तुझ्या डोक्याची शकलं होतील. आणि बोललास, की मी परत झाडावर.

ती थांबली. "म्हणजे राजा हुशार आहे म्हणूनच हरतो?"

"हो."

"मग त्याने सांगायचं ना, मला माहीत नाही."

"वेताळाला कळेल."

"कसं कळेल?"

मंडळी, हा प्रश्न मला जन्मात पडला नव्हता. आम्ही दोघं त्या ट्रंकेशेजारी फरशीवर बसलो आणि त्याचा कीस पाडला. मी तिला सांगितलं, की मूळ संस्कृतातल्या गोष्टी 25. मासिक दर महिन्याला काढायचं म्हणजे दोन वर्षांत शिदोरी संपली. पुढच्या शेकडो गोष्टी तिथल्या लेखकांनी रचल्या, चौकट तीच ठेवून. मूळ मालिकेत शेवटी असा एक प्रश्न येतो, की राजाला उत्तरच सुचत नाही. तो खराखुरा गप्प राहतो आणि सुटतो. मासिकात मात्र त्याला सुटायची सोय नव्हती, कारण पुढच्या महिन्याचा अंक काढायचा असायचा. यावर ती म्हणाली, "म्हणजे तो इतकी वर्षं चालतोय आणि पोचतच नाही?" वहिनी आतून म्हणाल्या, "अगं, सरकारी काम आहे ते."

जेवायला तीन हाका झाल्या तरी आम्ही उठलो नाही. आमरसावर साय धरली.

तेव्हापासून मी विचार करतोय, की मला हे आधी का जमलं नाही. माझ्या वडिलांना तर छान जमायचं. पंडित राम मराठे आपल्या ठाण्याचे. महापालिका त्यांच्या नावाने संगीत महोत्सव भरवते. लहानपणी त्यांनी प्रभातच्या सिनेमांत कामं केली होती, हे इथल्या तरुण ठाणेकरांना कदाचित माहीत नसेल. वडील त्यांचे भक्त. संध्याकाळी ऑफिसातून आले, की पाय धुऊन कॅसेट लावायचे आणि मला शेजारी ओढायचे. मैफल कुठे झाली, तिकीट किती होतं, शेजारी कोण बसलं होतं, एक अक्षर नाही. माझ्या गुडघ्यावर बोटांनी ठेका धरायचे. तान सुटली, की बोटं चालूच, फक्त भुवई वर जायची. "बघ हां, आता येईल... नाही आला... अजून हिंडतोय... हिंडू दे... आला!" आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, गुडघ्यावर अशी थाप, की मी हलायचो. मला आजही राग ओळखता येत नाहीत. बागेश्रीला कोणी भीमपलास म्हणालं तरी मी जाणकारासारखी मान डोलावतो. पण सम जवळ आली, की माझ्या गुडघ्याला कळतं.

आता थोडं आपल्याबद्दल. रागावू नका, जेवण माझ्या हातात नाही.

मागच्या दिवाळी पहाटेला, म्हणजे आपण जी दुपारी दोनला करतो कारण तेव्हा शाळेचा हॉल स्वस्त मिळतो, त्या कार्यक्रमात काय झालं ते आठवा. बाई सुरेख गात होत्या. दुसऱ्या गाण्याला पाठीमागून सुरू झालं, "हे मी गडकरीला बाल्कनीत ऐकलं होतं." "आम्ही तलावपाळीवर, गर्दीत उभं राहून." "आम्ही वाशीला, भावे नाट्यगृहात." ज्या गाण्याची आठवण काढत होतो, ते गाणं समोर चालू होतं आणि आपण ते ऐकत नव्हतो. पुस्तकांच्या टेबलावरही तेच. पुस्तक उचलायचं, "अय्या, हे आमच्या घरी होतं!" म्हणायचं, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा आणि पुस्तक परत ठेवायचं. नवी मुंबईकरांनी हसू नये. नवी मुंबई वसवणारी सिडकोच 1970 ची. तुमच्याकडे तर निम्म्या आठवणी पुलापलीकडून आणलेल्या.

आपल्याला ठाण्याचं सगळं पाठ आहे. पहिली रेल्वे 1853. मराठी ग्रंथसंग्रहालय 1893. साहित्य संमेलनं 1960, 1988, 2010. छाती फुगते आणि फुगावी. पण ग्रंथसंग्रहालय काढणारे विनायक लक्ष्मण भावे कशाने झपाटले होते, हे विचारलं तर आपण एकमेकांकडे बघतो. त्यांचा जन्म 1871 चा, म्हणजे सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी संग्रहालय उभं केलं तेव्हा ते ऐन विशीतले होते. जुन्या मराठी काव्याचा नाद. पोथ्या जमवायच्या, वाचायच्या, छापायच्या, आणि त्यातून पुढे प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. घरात पोथ्यांचा ढीग वाढत होता तेव्हा घरचे काय म्हणाले असतील, याचा मला आमच्या दादावरून अंदाज आहे. आपण ज्याला आज वारसा म्हणतो, तो एका तरुणाचा नाद होता. त्याला पोथीत काय आहे ते सांगायचं होतं. मी स्वतः त्या संग्रहालयाचा सभासद होतो, आणि मला तिथलं सगळ्यात जास्त काय आठवतं? पंखा.

तर मुलीने मला एवढं ऐकवल्यावर मीही तिला म्हटलं, तुझ्या पुस्तकात काय आहे ते सांग. तिने बॅगेतून जपानी कॉमिक काढलं. मी नेहमीप्रमाणे डावीकडून उघडलं आणि थेट शेवटावर पोचलो. तिने ते हातातून घेऊन उलटं केलं. मग एका पानावर बोट ठेवलं. चार चौकटी. रिकामा जिना, खिडकी, चहाचा कप, परत जिना. एक शब्द नाही. मी म्हटलं, इथे तर काहीच घडत नाही. ती म्हणाली, इथे वेळ जातोय. ती मुलगी वाट बघतेय, म्हणून आपणही बघायची. चौकट मोठी केली की क्षण लांबतो, लहान लहान केल्या की धावपळ होते. इंद्रजालच्या पानांतही तेच चालू होतं, आणि मी आयुष्यभर फक्त फुग्यातला मजकूर वाचत आलो. तासभर तिने मला शिकवलं. ते पुस्तक कितीला घेतलं, हे काही बोलली नाही. ते माझ्या कार्डावरून गेलेलं मला ठाऊक होतंच.

पण हा सगळा तास इंग्रजीत झाला. मधे मधे "अरे बाबा, असं नाही" एवढं मराठी. आणि ही गोष्ट मला त्या मूळ टोमण्यापेक्षा जास्त लागली. तिचं मराठी वाईट नाही. आमटीत मीठ कमी आहे, आजीचा गुडघा कसा आहे, चावी कुठे ठेवलीस, हे सगळं ती फाडफाड बोलते. काकाशी भांडते सुद्धा मराठीत. पण एखादं चित्र का आवडलं, गोष्टीत गाठ कुठे बसली, हे सांगायला लागली, की भाषा बदलते. बदलणारच. ते मराठी तिच्या कानावर आलंच कुठे? आमच्या घरात, तुमच्या घरात, या हॉलमध्ये, आपण मराठीत पैसे, पाऊस आणि लोकल सांगतो. आतलं सांगायचं मराठी माझ्या वडिलांकडे होतं, आणि तेही बरंचसं बोटांनी बोलायचे.

म्हणून मी समितीपुढे एक सूचना ठेवली आहे. महिन्यातून एका शनिवारी टेबल लावू. कोणीही आपल्या आवडीची एक वस्तू आणावी: पुस्तक, चित्र, गाणं, सिनेमाचा एखादा प्रसंग. पाच मिनिटं बोलावं. अट एकच, त्या पाच मिनिटांत किंमत, पाऊस, कुंजविहारचा वडापाव आणि दादाने मारलेली चापट यांचा उल्लेख चालणार नाही. ते सगळं नंतर, चहाला. समितीने लगेच विचारलं, चहाबरोबर काय? ते ठरलं. मुलीलाही विचारलं. ती म्हणाली, येते, मैत्रिणींनाही आणते, पण इंग्रजीत बोलणार.

इथे गाडी अडली आहे. समितीत दोन तट आहेत. एक म्हणतो, मुलं येतायत तर येऊ द्या, भाषेचं नंतर बघू. दुसरा म्हणतो, नंतर कधी? मग याला मराठी मंडळ कशाला म्हणायचं? मला पहिल्यांचं पटतं, आणि घरी जाताना गाडीत दुसऱ्यांचं पटतं. बायको म्हणते, तिला मराठीत बोलायला लाव, पण आधी तू स्वतः बोलून दाखव, तेही लोणच्याशिवाय. ट्रंक सध्या नेरूळला ताईच्या बंद बाल्कनीत आहे. ताईने दसऱ्यापर्यंतची मुदत दिली आहे. पुढच्या बैठकीत मतदान घ्यायचं म्हणतायत. ज्यांना काही सांगायचंय त्यांनी जेवणाच्या रांगेत सांगा, मी मसालेभाताच्या टोकाला उभा असेन.