गेटसमोर उभं राहताना

श्रोतेहो, नमस्कार.

आज १४ जानेवारी. घरोघरी तिळगूळ वाटला जात असेल. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, मराठवाडा विद्यापीठाच्या गेटवर मात्र आज नामविस्तार दिनासाठी सकाळपासून माणसांची रीघ लागते. नांदेड, परभणी, हिंगोलीकडून आलेली, भाकरी बांधून आणलेली माणसं. गेटसमोर आली की चपला काढतात, हात जोडतात.

मी वसतिगृहात नवा होतो तेव्हा एक म्हातारी गेटच्या खांबावर तळहात टेकवून किती तरी वेळ उभी होती. मी विचारलं, "आजी, कुणी शिकतंय का इथं?" ती म्हणाली, "न्हाई बाबा. पर आमचंच हाय की हे."

हे 'आमचं' म्हणता यावं म्हणून सोळा वर्षं लागली.

१९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं, ही मागणी विद्यार्थ्यांनी आणि तरुण कार्यकर्त्यांनी रेटली. त्याच शहरात नागसेनवनात बाबासाहेबांनी १९५० साली कॉलेज काढलं होतं. ज्यांच्या घरात अक्षर शिरलं नव्हतं अशी पोरं तिथून पदवी घेऊन बाहेर पडत होती. म्हणून ही मागणी नुसत्या पाटीची नव्हती. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळानं ठराव केला आणि मराठवाडा पेटला. खेड्यापाड्यांत दलितांची घरं जाळली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा जीव घेतला गेला. ठरावाची अंमलबजावणी थांबली.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. नामांतराला विरोध करणाऱ्यांतही विद्यार्थी होते, त्यांचेही मोर्चे निघत होते. म्हणूनच दलित पँथर या दलित तरुणांच्या संघटनेच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या युवक क्रांती दल या समाजवादी युवक संघटनेच्या पोरांचं मला फार मोल वाटतं. त्यांतल्या कित्येकांना आपल्याच गावाशी, आपल्याच घराशी भांडावं लागलं. घोषणा देण्यापेक्षा ते अवघड.

१९७९ च्या नोव्हेंबरमध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. सुमारे पाचशे किलोमीटरची वाट. पुढची वर्षं सत्याग्रहांत आणि तुरुंगात गेली. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी याच मागणीसाठी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ रोजी नाव झालं, 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ'. मागितलं होतं नामांतर, मिळाला नामविस्तार, म्हणजे जुनं नाव तसंच ठेवून त्याला बाबासाहेबांचं नाव जोडलं. काहींना ती तडजोड आजही टोचते, आणि मला ते टोचणं रास्त वाटतं.

पण आजच्या दिवसाचं मला सगळ्यात आवडतं ते असं, की एवढं सोसलेली माणसं इथं येऊन पुस्तकं घेतात. रस्त्याच्या कडेनं सतरंज्या अंथरलेल्या असतात, त्यावर संविधान, बुद्धचरित्र, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. पलीकडे शाहिराची हलगी वाजत असते. त्या गर्दीत मी एका पोरीला पाहिलं होतं. रुमालाच्या गाठीतून दहा-दहाच्या नोटा काढून ती मोजत होती. पैसे थोडे कमी पडले. विक्रेत्यानं काही न बोलता पुस्तक तिच्या हातात ठेवलं.

श्रोतेहो, आज तिकडे जाणार असाल तर पिशवी रिकामी न्या. आणि सतरंजीवरचं पुस्तक कुणी उभ्याउभ्या वाचत असेल, तर त्याला धक्का लावू नका.

नमस्कार. जय भीम.