मेणातली २२ अक्षरं

(दृश्य: मायक्रोटोम, म्हणजे तलम काप काढणाऱ्या यंत्राचं पातं. मेणाची तलम पट्टी उलगडत खाली येते.)

ठोकळा आत्ताच बर्फावरून उचललाय. मेण जरा जरी मऊ पडलं, तर काप चुरगळतो. एका कापाची जाडी १० मायक्रॉन; आपला केस याच्या कितीतरी पट जाड. मेणाच्या मधोमध तो करडा ठिपका दिसतोय ना, ती मोठ्या आतड्यातली कर्करोगाची गाठ. शस्त्रक्रियेत काढली, कुजू नये म्हणून फॉर्मॅलिनच्या द्रावणात ठेवली, मग मेणात बसवली.

(दृश्य: लोखंडी कपाट. खणांत ओळीनं ठोकळे, प्रत्येकावर क्रमांक.)

खोलीत जागा कमी पडली की आधी नजर जाते ती या कपाटांवर. जुनं झालं, काढून टाका.

हाँगकाँगमध्ये १९९१ पासून आणि अमेरिकेत मेरीलँडला १९९३ पासून शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांच्या गाठीही कुणीतरी जपून ठेवल्या होत्या. तेव्हा ‘मायक्रोआरएनए’ हा शब्दही जन्मला नव्हता. १९९३ मध्येच अमेरिकी शास्त्रज्ञ व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत आरएनएचा, म्हणजे एरवी जनुकाचा निरोप वाहणाऱ्या रेणूचा, एक चिमुकला तुकडा दाखवून दिला. जेमतेम २२ अक्षरांचा, म्हणजे २२ रासायनिक घटकांचा; हाच पहिला मायक्रोआरएनए. तो स्वतः प्रथिन घडवत नाही. दुसऱ्या जनुकाचा निरोप वाटेत अडवतो. कृमीपुरती गंमत म्हणून बहुतेकांनी ते सोडून दिलं. २००० साली तसाच दुसरा तुकडा माणसातही सापडला, तेव्हा सगळे जागे झाले. नोबेल मिळालं २०२४ मध्ये.

आणि २००८ साली त्या जपलेल्या गाठी पुन्हा तपासल्या गेल्या. मेरीलँडचे ८४ रुग्ण, हाँगकाँगचे ११३. ज्यांच्या गाठीत मिर-२१ नावाचा मायक्रोआरएनए जास्त, त्यांचं आयुष्य कमी आणि केमोचा गुणही कमी, असं दोन्हीकडे दिसलं. नमुने टाकून दिले असते, तर हा प्रश्न विचारायचा कुणाला?

(दृश्य: छोट्या नळीत काप. झायलीनमध्ये मेण विरघळतं.)

आधी मेण घालवायचं. मग विकर (एन्झाइम) घालून प्रथिनांचं जाळं सोडवायचं. फॉर्मॅलिनमध्ये लांबलचक आरएनएचे तुकडे तुकडे होतात. मायक्रोआरएनए मुळातच इतका आखूड, की तो बऱ्यापैकी टिकून राहतो. म्हणून जुन्या ठोकळ्यातूनही तो हाती लागतो. इथे घाई चालत नाही. हातमोज्याचा एक चुकार स्पर्शसुद्धा नमुना बिघडवू शकतो.

(दृश्य: पीसीआर, म्हणजे हव्या त्या तुकड्याच्या प्रती वाढवत मोजणाऱ्या यंत्राचा पडदा. दोन रेषा सपाट, मग एक वर उठते.)

दर फेरीला दुप्पट. निळी रेषा गाठीची, हिरवी शेजारच्या निरोगी आतड्याची. निळी तीन फेऱ्या आधी उठली, म्हणजे गाठीत हा मायक्रोआरएनए सुमारे आठपट.

केमो कुणाला लागू पडेल हे एवढ्यावरून ठरवणारी चाचणी रोजच्या उपचारात अजून आलेली नाही. एका प्रयोगशाळेचं मोजमाप दुसरीशी जुळवणं बाकी आहे.

(दृश्य: तंत्रज्ञाचे हात. ठोकळ्याची कापलेली बाजू वितळलेल्या मेणात बुडते.)

उघड्या बाजूला हवा लागू नये, म्हणून पुन्हा मेणाचा थर. क्रमांक वहीशी ताडून पाहायचा. आणि ठोकळा होता त्याच खणात परत.

(दृश्य: खण बंद होतो. पुढे निवेदन नाही.)