एकोणतीस हजारांचा नवरा

सेक्रेटरींनी मला पंचवीस मिनिटं दिली आहेत आणि साडेबाराला पानं वाढायची आहेत, असं दोनदा बजावलंय. आज गुळपोळी आहे, तेव्हा माझी स्पर्धा कोणाशी आहे हे मला ठाऊक आहे. संक्रांत होऊन तीन आठवडे झाले, पण आपल्याकडे हॉल मिळेल तेव्हा संक्रांत.

पत्रिकेत विषय छापलाय, 'जोडीदाराचा व्हिसा आणि उत्पन्नाची अट: काय बदलायला हवं'. काय बदलायला हवं ते शेवटी सांगते. आधी एक खुलासा. मी वकील नाही. बिस्किटांच्या एका कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं पेरोल, म्हणजे सगळ्यांच्या पगाराचे हिशेब, सांभाळले, एवढीच माझी लायकी. इथं ब्रिटनमध्ये १९९९च्या कायद्यानं नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं हा गुन्हा आहे. म्हणून मी सल्ला देणार नाही, गाऱ्हाणं सांगणार. गाऱ्हाण्याला अजून नोंदणी लागत नाही.

नियम तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. निम्म्या लोकांच्या घरात तो होऊन गेलाय, उरलेल्यांच्या घरात लग्नाचं वय झालेली मुलं आहेत. तरी उजळणी करते. ९ जुलै २०१२ला थेरेसा मे गृहमंत्री असताना अट आली: परदेशातून नवरा किंवा बायको आणायची तर इथल्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न १८,६०० पौंड हवं. मग डिसेंबर २०२३मध्ये तेव्हाचे गृहमंत्री जेम्स क्लेव्हर्ली यांनी जाहीर केलं की हा आकडा ३८,७०० करणार. आरडाओरडा झाला, त्याच महिन्यात माघार घेतली आणि ११ एप्रिल २०२४पासून २९,००० झाला. ३८,७००पर्यंत न्यायच्या पुढच्या पायऱ्या लेबर पक्षाच्या नव्या सरकारनं रोखून धरल्या. आज मी बोलतेय तेव्हा आकडा २९,०००च आहे.

आता माझ्या आजीच्या वेळची बोलणी आठवा. सांगलीकडे लग्नाआधी यादी व्हायची. कोणी किती तोळे घालायचे, मानपान कोणाचा, जेवण कोणाकडे, सगळं कागदावर. मुलाचा पगार मुलीचे वडील विचारायचेच. पण पगार कमी निघाला तर मुलाचा काका मध्ये बोलायचा, 'अहो, चार एकर ऊस आहे, थोरला भाऊ नोकरीला आहे, शिवाय आम्ही आहोत ना.' आणि मुलीचे वडील मान डोलवायचे. ते 'आम्ही आहोत ना' हे वाक्य, मंडळी, माझ्या आजच्या व्याख्यानाचा खरा विषय आहे. होम ऑफिसच्या, म्हणजे इथल्या गृहखात्याच्या, यादीत त्या वाक्याला रकाना नाही.

हे मला कसं कळलं ते सांगते. माझा भाचा. नाव सांगत नाही, तो मागे चहाच्या टेबलाजवळ उभा आहे आणि आत्ताच लाल झालाय. जन्म इथला, गोदामात नोकरी, पगार वर्षाला २७,८००. डिसेंबर २०२४मध्ये सांगलीला लग्न झालं. मुलगी इंजिनियर, पुण्यात पुलांचे हिशेब करते. म्हणजे पूल पडू नये म्हणून जे हिशेब करतात ते. लग्नानंतर दहा दिवसांनी हा एकटाच परत आला. कारण उघड आहे: १,२०० पौंड कमी.

फेब्रुवारीत त्याला सुपरवायझर केलं. पगार २९,४००. त्यानं मला रात्री साडेदहाला फोन केला, 'आत्या, झालं!' मीही पेढे आणले. नियम असा की एकाच मालकाकडे सहा महिने हवेत, सहा पेस्लिपा हव्यात, आणि त्याच पगाराची जमा दाखवणारी बँकेची स्टेटमेंटं हवीत. फेब्रुवारी ते जुलै, सहा महिने. मी बोटांवर मोजलं आणि सांगितलं, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अर्ज.

ऑगस्ट उजाडला. रविवारी दुपारी माझ्या जेवणाच्या टेबलावर सहा स्लिपा ओळीनं मांडल्या. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एकेक वाटी ठेवली. मार्च ठीक, एप्रिल ठीक. फेब्रुवारीच्या स्लिपवरची वाटी उचलली. २,३१६ पौंड ६७ पेन्स. मी चष्मा पुसला. पुन्हा तेच. २९,४००चा महिना होतो २,४५० पौंड. हा जुना पगार होता! बढतीचं पत्र १ फेब्रुवारीचं, पण त्या महिन्याचं पेरोल तोवर बंद झालेलं. फरक मार्चमध्ये थकबाकी म्हणून आला, १३३ पौंड ३३ पेन्स, खाली बारीक अक्षरात.

मंडळी, अठ्ठावीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आले. 'तारीख उलटून गेली, आता पुढच्या महिन्यात थकबाकी मिळेल.' शेकडो लोकांना सांगितलं असेल. माणसं कुरकुरायची आणि जायची. त्यांतल्या कोणाची बायको त्या थकबाकीपायी पुण्यात अडकून पडली असेल, असं माझ्या कधी मनातही आलं नाही. आणि घरच्या पोराची पहिली स्लिप मी बघितलीच नाही, कारण मला वाटलं, त्यात काय बघायचं?

का अडतं तेही सांगते. ठरलेला पगार असेल तर गेल्या सहा महिन्यांत जो सगळ्यात कमी पगार होता तो धरतात. सरासरी नाही, आजचा नाही. म्हणजे पगार वाढला की घड्याळ तिथून पुन्हा सुरू. वकीलबाई म्हणाल्या, पत्र जोडून बाजू मांडता येईल, पण फेटाळला तर १,९३८ पौंड फी गेली. एक महिना थांबा.

थांबलो. आणि त्या एका महिन्यात काय व्हावं? दुसऱ्या कंपनीनं त्याला ३२,००० देऊ केले. घरापासून दहा मिनिटांवर, रात्रपाळी नाही. एरवी मी नारळ फोडला असता. या वेळी मी आणि वकीलबाई, दोघींनी मिळून त्याला ती नोकरी नाकारायला लावली. कारण मालक बदलला की सहा महिने नव्यानं मोजायचे. थांबायचं नसेल तर गेल्या बारा महिन्यांत हातात पडलेली सगळी कमाई २९,०००च्या वर दाखवायची, आणि त्या बारा महिन्यांत निम्मे २७,८००चे. म्हणजे बघा, माणसानं जास्त कमवावं म्हणून केलेला नियम, आणि त्यापायी आमच्या पोरानं वर्षाला २,६०० पौंड जास्तीची नोकरी नाकारली. (हशा) हसा, हसा. तो हसत नाहीये.

याच काळात 'आम्ही आहोत ना' सुरू झालं. सांगलीहून व्याह्यांचा फोन, 'ताई, किती कमी पडतायत? आम्ही भरतो.' माझे थोरले बंधू म्हणाले, घर माझं आहे, पोरगं भाडं देत नाही, हे लिहा. दीर म्हणाले, मी हमीपत्र देतो, स्टॅम्पपेपरवर. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं: चालत नाही. तिसऱ्या माणसाच्या आधाराचं वचन उत्पन्नात मोजत नाहीत. सुनेचा पुण्यातला पगारही मोजत नाहीत, तो कितीही असो. हं, व्याह्यांनी पैसे बक्षीस म्हणून दिले तर बचतीत चालतात. कर्ज चालत नाही, आणि सहा महिने पैसा नवराबायकोच्या ताब्यात खात्यात पडून राहिला पाहिजे. लोणच्यासारखा मुरला पाहिजे.

पण किती बचत, हे ऐकण्यासारखं आहे. पहिले १६,००० पौंड ते मोजतच नाहीत. त्यावरची रक्कम भागिले अडीच, ती तुमच्या पगारात मिळवायची. म्हणजे पगार शून्य असेल तर ८८,५०० पौंड हवेत, कोटी रुपयांच्या घरात. आणि आता गंमत. पगार १,२०० कमी असेल तर १९,००० पौंड बचत हवी. आणि फक्त एक पौंड कमी असेल तर? १६,००२ पौंड ५० पेन्स. मी हे व्याह्यांना फोनवर समजावलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'ताई, हा हिशेब कोणी केलाय, तो माणूस भेटेल का?'

अमेरिकेत असं नाही, हे तिथले नातेवाईक आपल्याला प्रत्येक फोनवर सांगतातच. तिथं गरिबीरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न लागतं, आणि कमी पडलं तर दुसरा माणूस जामीन राहू शकतो. काकाची सही चालते. फक्त काकानं सही करण्याआधी वाचावं, कारण नवराबायकोचा घटस्फोट झाला तरी काका सुटत नाही! आलेली व्यक्ती तिथली नागरिक होईपर्यंत, किंवा तिचं साधारण दहा वर्षांचं काम भरेपर्यंत सही गळ्यात. आपल्याकडे जामीन राहिलेल्या माणसाबद्दल काय बोलतात ते तुम्हाला माहीत आहे. तरीही मला ते परवडलं असतं. तिथं निदान वचनाला किंमत आहे, आणि वचन मोडलं तर कोर्ट आहे. कॅनडात क्वेबेक सोडून जोडीदारासाठी बहुतेकांना उत्पन्नाची अटच नाही. तीन वर्षं सांभाळीन असं लिहून द्यायचं, बस.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटं.' बरं.

पेरोलवाल्या बाईला एक हिशेब मात्र करू द्या. एप्रिल २०२५पासूनच्या वर्षात किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स होतं. आठवड्याला साडेसदतीस तास, वर्षभर, तर व्हायचे २३,८०० आणि काही. २९,००० गाठायला आठवड्याला जवळजवळ ४६ तास लागायचे. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर २०१२ साली परिस्थिती याहून वाईट होती. १८,६०० ऐकायला कमी वाटतात, पण तेव्हाच्या किमान वेतनावर ५८ तास पडायचे. ३८,७०० झाले असते तर २०२५च्या वेतनावर ६१. म्हणजे 'पूर्वी सोपं होतं' असं जे आपण म्हणतो ते खरं नाही. पूर्वीचं आपण विसरलोय. केअर होममध्ये, किचनमध्ये, गोदामात राबणारा माणूस पहिल्या दिवसापासून या दाराबाहेरच होता.

'पाच मिनिटं'? आत्ता तर दहा होती! गुळपोळी पळून जाणार आहे का?

तर वचन दिलेला मुद्दा. भराभर सांगते.

ही अट कशासाठी, तर जोडप्याचा भार सरकारी भत्त्यांवर पडू नये म्हणून. १८,६०० हा आकडाही तसाच काढला होता, की एवढं उत्पन्न असलं तर जोडप्याला भत्ता लागणार नाही. पण येणाऱ्या जोडीदाराच्या व्हिसाच्या अटींतच असतं की सरकारी भत्ते मिळणार नाहीत. शिवाय आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, तीन वर्षांचे ३,१०५ आधीच भरून घेतात. म्हणजे दार बंद, कडी लावलेली, वर कुलूप, आणि बाहेर पहारेकरी.

दुसरं, आणि माझ्या मते मुख्य. येणाऱ्या नवऱ्याला किंवा बायकोला इथं पाऊल ठेवल्या दिवसापासून काम करायची मुभा आहे. तेहतीस महिन्यांनी व्हिसा वाढवायला गेलात की दोघांचा इथला पगार मिळवून धरतात. मग पहिल्याच दिवशी तिच्या हातात इथल्या नोकरीचं पत्र असेल, तर ते का धरू नये? तीच बाई, तीच डिग्री, तीच नोकरी. तेहतीस महिन्यांनी ती मिळवती आणि आज ओझं?

तिसरं, तो जामिनाचा रकाना. २०१७च्या फेब्रुवारीत इथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अट कायदेशीर आहे, कठोर असली तरी. पण मुलांच्या हिताचा आणि उत्पन्नाच्या इतर खात्रीच्या साधनांचा नियमात पुरेसा विचार नाही. त्यानंतर ऑगस्टमध्ये नियमात भर पडली. आता नातेवाइकाची खात्रीची हमी विचारात घेतात, पण अपवादात्मक परिस्थितीतच, नकारानं फारच अन्याय होत असेल तर. आणि त्या दारानं आलात की कायमच्या वास्तव्याला पाचाऐवजी दहा वर्षं. म्हणजे 'आम्ही आहोत ना'ला रकाना मिळाला, पण मागच्या जिन्यानं. माझं म्हणणं, तो पुढच्या दारात आणा. सही घ्या, जबाबदारी बांधा, काकाला कोर्टात खेचायची सोय ठेवा. आपले काका घाबरणार नाहीत. थोडे घाबरतील. सरकारनं नेमलेल्या समितीचा अहवाल जून २०२५मध्ये आला, त्यात आकडा २३,००० ते २५,००० किंवा जरा वर ठेवायचे पर्याय आहेत. आकडा खाली आला तर हवाच आहे. पण आकडा किती यावर सगळे भांडतात, कोणाचा पैसा मोजायचा यावर कोणी बोलत नाही. मुलांचा मुद्दा होता, पेन्शनरांचा होता, धंदा करणाऱ्यांचा होता, तो राहिला. प्रश्नोत्तरंही राहिली.

हो, हो, उठते. फक्त एवढं सांगते, सप्टेंबरात अर्ज केला, नोव्हेंबरात व्हिसा आला, डिसेंबरात सून आली. ती आत गुळपोळ्यांना तूप लावतेय. गेल्या आठवड्यात तिची इथली पहिली पेस्लिप आली, ती मी या वेळी लगेच बघितली. टॅक्स कोड चुकलाय. सूनबाई, जेवण झालं की ती स्लिप घेऊन माझ्याकडे ये.