दौलताबादचं एक रुपयाचं तिकीट

[पडद्यावर: पाण्यानं भरलेली परात. लिफाफ्याचा कापलेला तुकडा अलगद पाण्यात सोडला जातो.]

पाणी कोमटच हवं. कडक झालं की रंग सुटतो. दहा-पंधरा मिनिटांत डिंक मऊ पडतो, तिकीट कागदापासून सुटतं. मग ते चिमट्यानं उचलायचं, टीपकागदावर पालथं टाकायचं आणि वर जाडजूड पुस्तक ठेवायचं. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तिकिटं जमवणारी आम्ही पोरं सगळ्यात आधी हीच विद्या शिकलो. तिच्याच पायी मोठं नुकसानही करून बसलो.

आमच्या मंडळाला नाव नव्हतं. पाटी नाही, पावतीबुक नाही. रविवारी सकाळी एकाच्या ओसरीवर सतरंजी पडायची आणि वह्या उघडायच्या. 'मग्यार पोस्टा' म्हणजे हंगेरी, 'हेल्वेशिया' म्हणजे स्वित्झर्लंड, आणि देशाचं नावच नाही, नुसता राणीचा मुखडा, ते इंग्लंडचं. एवढं ज्याला ठाऊक, तो जाणकार. चार हंगेरी दिले की एक भूतान मिळायचा. निजामी तिकिटांना मात्र कुणी विचारत नसे. ती तर प्रत्येकाच्या आजोबांच्या ट्रंकेत होती!

[पडद्यावर: भिंगाखाली १९३१ सालच्या मालिकेतलं पिवळं तिकीट.]

हैदराबाद संस्थानानं स्वतःचं पहिलं तिकीट काढलं १८६९ साली. सरकारी टपालाच्या तिकिटांवर उर्दू लिपीत 'सरकारी' असा छापा मारलेला असे. पण आमचे डोळे उघडले ते १९३१ च्या मालिकेनं. एक आण्यावर चारमिनार, दोन आण्यांवर हायकोर्ट, हे ठीकच. राजधानीचं कौतुक असणारच. आठ आण्यांवर मात्र अजिंठा लेण्यांचं प्रवेशद्वार, आणि पिवळ्या एक रुपयावर दौलताबादचा चांदमिनार. शाळेच्या सहलीत ज्याच्या सावलीत आम्ही डबे खाल्ले, तोच. हंगेरीच्या नादात हे आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवून ठेवलं होतं.

या तिकिटाची गंमत अशी, की ते संस्थानाच्या हद्दीपुरतंच चालायचं. जालन्याहून परभणीला पत्र धाडायचं तर निजामी तिकीट. तेच पत्र पुण्याला जायचं असेल, तर इंग्रजी सरकारचं. एकाच मुलखात दोन टपालं आणि दोन नाणी, निजामाचं हाली आणि इंग्रजांचं कलदार. पुण्यात दिलेल्या लेकीला खुशाली कळवायची, तरी आधी कोणतं तिकीट लावायचं हे बघावं लागे.

आता ते नुकसान. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, पण टपाल एका रात्रीत बदललं नाही. संस्थानाचं टपाल भारतीय टपाल खात्यात मिसळलं ते १ एप्रिल १९५० ला. म्हणजे मधलं दीड वर्ष, अगदी २६ जानेवारी १९५० नंतरही, इथल्या पत्रांवर निजामी तिकिटं लागत होती. प्रजासत्ताकाच्या नागरिकानं लिहिलेलं पत्र, वर निजामाचं तिकीट! हे सिद्ध करतो तो पोस्टाचा तारखेचा शिक्का. अर्धा तिकिटावर, अर्धा लिफाफ्यावर. आम्ही कात्रीनं तिकिटं कापली, भिजवली आणि लिफाफे बंबात घातले. माझ्या हातानं किती गेले, त्याचा हिशोब मी करत नाही.

मंडळाचे पुढचे दिवस या चुकीची भरपाई करण्यातच गेले. परदेशी वह्या मागे पडल्या. आठवडी बाजार, रद्दीची दुकानं, वाडे पाडण्याच्या जागा इथे फेऱ्या सुरू झाल्या. उर्दू वाचणारे एक निवृत्त गुरुजी आमच्यात आले आणि ओसरीवर शिक्क्यांचं वाचन होऊ लागलं. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी निजामकालीन कागदांचा शोध सुरू झाला, तेव्हा घरोघरच्या पेट्याही उघडल्या. लोक नोंद शोधत होते. लिफाफ्याकडे कोण बघतो?

[पडद्यावर: अल्बमचं पान. पारदर्शक खणांत पूर्ण लिफाफे. एक खण रिकामा.]

हा खण रिकामा का? पिवळं तिकीट सुटं मिळतं. पण रुपया म्हणजे तेव्हा मोठी रक्कम, साध्या पत्राला कोण लावणार? खुद्द दौलताबादच्या पोस्टाचा शिक्का बसलेलं, लिफाफ्यासकट दौलताबादचं तिकीट आमच्यापैकी कुणालाही अजून सापडलेलं नाही. तुमच्या माळ्यावर निघालं, तर आधी कळवा. आणि तोवर कृपा करून पाण्यात टाकू नका.