भरतीच्या पाण्याला जागा हवी

श्रोतेहो, नमस्कार.

पणजीत पाऊस जोराचा लागला आणि नेमकी त्याच वेळी मांडवी नदीला भरती आली, की अठरा जून रस्त्यावर पाणी चढतं, मळा भागातही चढतं. गटारं तुंबली, कचरा अडकला, असं आपण म्हणतो. ते खोटं नाही. पण गटारं कितीही साफ केली तरी भरतीच्या वेळी ते पाणी नदीत जाणार कसं? नदीच वर आलेली असते. ओहोटी लागेपर्यंत पाण्याला कुठंतरी थांबावं लागतं, आणि थांबण्याची ती जागा आपल्या पूर्वजांनी राखून ठेवली होती. ती म्हणजे खाजन, नदीकाठी बांध घालून राखलेली सखल जमीन.

खाजनाच्या बांधावर गेलात तर तिथली मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारं दार, जरा जवळून बघा. जांभ्या दगडाचा, चिखलाचा बांध, आणि त्यात बसवलेली लाकडी दारं. भरती चढू लागली की नदीचं खारं पाणी बाहेरून रेटा देतं आणि दारं आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी तीच दारं ढकलून बाहेर पडतं. वीज नको, पंप नको. पावसाळ्यात आत कोरगुट भात, पुढं काळुंदरं, शेवटे हे मासे आणि सुंगटं म्हणजे कोळंबी, कुठं मीठ. बांधाला खांड पडली की गावकरी धावायचे, कारण एकाच्या बेपर्वाईनं सगळ्यांची शेतं खारी व्हायची. गावकरी नावाच्या गावाच्या सामायिक जमिनीच्या संस्थेची, म्हणजे नंतरच्या कोमुनिदादची, मोठी जबाबदारी हीच होती.

पाण्याकडे दुर्लक्ष केलेलं एक अख्खं शहर आपल्या शेजारी आहे. जुने गोवे एके काळी पूर्वेकडची वैभवशाली राजधानी होती. सांडपाण्याची धड व्यवस्था नव्हती, विहिरींचं पाणी बिघडलं, साथींमागून साथी आल्या आणि माणसं निघून गेली. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. आज तिथं चर्च उभी आहेत, भोवतीचं शहर उरलेलं नाही.

पणजीहून रायबंदरला जाणारा रस्ताही आठवा. सतराव्या शतकात खाजनाच्या दलदलीतून तो काढला, तेव्हा त्याला खाली कमानी ठेवल्या. रस्ता हवा होता, पण पाण्याची ये-जा चालू राहायला हवी, एवढं भान तेव्हाच्या बांधणाऱ्यांना होतं. आज भराव टाकताना ते कुठं जातं, हे मला खरंच कळत नाही.

सांतइनेजची खाडी ताळगावच्या बाजूनं येते आणि कांपालजवळ मांडवीला मिळते. वाटेत तिच्यात सांडपाणी येतं, काठावर बांधकामं येतात, पात्र आवळत जातं. तिला नाला म्हणायची सवय लागल्यापासून तिच्याशी नाल्यासारखंच वागणं सुरू झालं. ताळगावच्या शेतात दर वर्षी २१ ऑगस्टला कणसांचं फेस्त होतं, नव्या भाताची पहिली कणसं कापतात. त्या शेतांच्या कडेला इमारती सरकत आल्या आहेत. तिथं मुरणारं पाणी आता शहराच्या अंगावर येतं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घेऊ या. खाजनात तिवरं उगवली की निसर्ग परतला, असं पुष्कळांना वाटतं. तिवरं हवीतच. नदीकाठी ती गाळ धरतात, माशांच्या पिलांना आसरा देतात. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात जाऊन बघा. पण शेतात उगवलेलं तिवर बहुतेक वेळा बांध फुटल्याची खूण असते. तिथं शेतकरी हरलेला असतो, आणि पडीक जमिनीवर भराव टाकायला टपलेले लोक थांबलेलेच असतात. म्हणून तिवर राखतानाच बांधही राखावा लागतो. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा स्वतंत्र उल्लेख आहे. कागदावर आधार आहे. तो ग्रामसभेत मांडायला माणसं हवीत.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत, वॉर्डातल्या बैठकीत, एवढं विचारा: आपल्या भागातली मानस कुठं आहे, तिची दारं शेवटची कधी बदलली, पाऊस लागण्याआधी ती कोण तपासणार? आणि नवा भराव दिसला, तर तिथलं पाणी आता कुठं जाणार, याचं उत्तर लेखी मागा.

नमस्कार.