दिल्ली ते टोकियो: वाऱ्याने मोजलेलं अंतर

[दृश्य: रात्रीची दिल्ली, धावपट्टीचे दिवे]

समजा, रात्री नऊला दिल्लीहून विमान सुटलं. टोकियोच्या हानेडा विमानतळावर ते उतरतं तेव्हा तिथे सकाळचे आठ वाजलेले असतात. म्हणजे अकरा तास. परतीला हानेडाहून सकाळी अकराला निघालात, तर दिल्लीत संध्याकाळी पाचला. सहाच तास!

घड्याळ इथे फसवतं. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. तेवढे तास जाताना वजा करा, येताना मिळवा. आता हिशेब उलटा होतो. जायला साधारण साडेसात तास, यायला साडेनऊ.

अंतर तर तेच आहे. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला, तर सुमारे ५,८६० किलोमीटर.

[दृश्य: तिबेटचं पठार, उंचावरून]

तो दोरा तिबेटवरून जातो. विमानं मात्र शक्यतो तिथून जात नाहीत. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन काही मिनिटंच पुरतो. तेवढ्यात विमान तीन हजार मीटरपर्यंत खाली आणावं लागतं. इथे जमीनच साडेचार हजार मीटरवर! म्हणून म्यानमार, चीनचा युन्नान प्रांत असा दक्षिणेकडून वळसा.

पण वळसा येता-जाता दोन्ही वेळी आहे. दोन तासांचा फरक पाडतो तो वारा.

[दृश्य: हिवाळी आकाश, वर चढणारा फुगा]

टोकियोच्या ईशान्येला तातेनो नावाचं गाव. तिथल्या वेधशाळेत वासाबुरो ओइशी १९२०च्या दशकात फुगे सोडायचे आणि दुर्बिणीतून ते दिसेनासे होईपर्यंत त्यांचा माग काढायचे. हिवाळ्यात नऊ-दहा किलोमीटर उंचीवर फुगे पूर्वेकडे भन्नाट वेगाने निघून जात. ताशी अडीचशे किलोमीटरच्याही पुढे. आज आपण त्याला जेट प्रवाह म्हणतो. जगभरच्या अभ्यासकांना वाचता यावं म्हणून ओइशींनी हा शोध १९२६ साली एस्परांतो या जगासाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेत छापला. जपानबाहेर त्याकडे फारसं कुणी पाहिलंच नाही. एवढ्या चिकाटीने केलेलं काम असं नजरेआड राहावं, याची आजही हळहळ वाटते. १९४४ साली अमेरिकी बॉम्बफेकी विमानं जपानवर आली आणि याच वाऱ्यात सापडली, तेव्हा जगाला त्याची ताकद कळली.

[दृश्य: आसनासमोरचा पडदा, विमानाचा वेग]

आकडे घेऊन पाहू. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर, पाठीशी वारा १००चा. सहा हजार किलोमीटरला सहा तास लागतात. तोच वारा समोरून आला, तर साडेसात. जाताना कमावलेली मिनिटं येताना व्याजासकट जातात. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून दहा मिनिटं आधीच संपल्या असत्या.

हा फरक हिवाळ्यात सर्वांत मोठा असतो, कारण तेव्हा जेट प्रवाह हिमालयाच्या दक्षिणेला, उत्तर भारताच्या डोक्यावरून वाहतो. जूनच्या सुमारास तो हिमालय ओलांडून उत्तरेला सरकतो आणि मान्सूनला वर चढायला वाट मिळते.

[दृश्य: कोकणातलं शेत, आभाळ भरून आलेलं]

टोकियोहून परतणाऱ्या विमानाला समोरचा वारा हलका लागू लागतो, त्याच दिवसांत इकडे मृगाचा पहिला पाऊस पडतो.